तीन मिनिटांचा ढावलो

पत्रात लिहिलं होतं, दोन प्रवेश तयार ठेवा: एक लिखित नाटकातला, एक आपल्या भागातल्या लोककलेतला. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग तोंडी मुलाखत. वयाची अट सगळ्यात खाली बारीक अक्षरांत होती आणि मी तीच आधी वाचली. माझं वय त्या अटीत जेमतेम चार महिन्यांनी बसत होतं. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर पुढच्या भरतीला माझा अर्ज कोणी उघडूनही पाहणार नव्हतं.

जागा नागपूरच्या एका नाट्यसंस्थेत होती. कायम कलाकार, महिन्याचा पगार, राहायला खोली. मी नऊ वर्षं पुसदच्या एका कलापथकात होते, पण आमचं काम सरकारी कार्यक्रम निघेल तेव्हाचं. दारूबंदी, शौचालय, हुंडा, सर्पदंश, आणि पावसाळा लागला की फवारणी. "दादा, तोंडाले फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका" हे वाक्य मी उमरखेड तालुक्यातल्या इतक्या चौकांत ओरडले आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. मग स्क्रीनवाल्या गाड्या आल्या. गाडी चौकात उभी राहते, ड्रायव्हर बटण दाबतो, नाटक सुरू. गाडी थकत नाही, पाणी मागत नाही, घरी सोडायला सांगत नाही. आमचे कार्यक्रम आटत गेले आणि दिवाळीनंतर पार बंद झाले.

मी बंजारा तांड्यावरची. ढाणकीच्या पुढे आमचा तांडा आहे. लग्न होऊन सासरी गेले होते, तीन वर्षांनी परत आले आणि तेव्हापासून आईजवळ आहे. का परत आले ते इथं सांगत बसणार नाही. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं आहे. वडील नाहीत, भाऊ पुण्याला असतो. घरात आम्ही दोघी, मी आणि याडी. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. घरी आम्ही तीच बोली बोलतो, पण ती इथं लिहिली तर निम्म्या लोकांना कळायची नाही. म्हणून याडीचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते. बाजारात ती तसंच बोलते.

मुलाखतीची तयारी पथकाच्या सरांनी करून घेतली. सर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांचं पुसदला झेरॉक्सचं दुकान आहे, पण आम्हा सगळ्यांना नाटक त्यांनी शिकवलं म्हणून ते सर. दुकानाच्या मागच्या खोलीत ते टेबलापलीकडे चष्मा नाकावर ओढून बसले, मला बाहेर जाऊन पुन्हा दारातून आत यायला लावलं आणि म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा."

मी सांगायला लागले तर बाहेर झेरॉक्स काढायला आलेला माणूस काय झालं म्हणून आत डोकावला.

"मॅडम," सर म्हणाले, "मी इथं तीन फुटांवर बसून आहो. गावाच्या त्या टोकाला नाही."

आवाज खाली आणायला मला आठ दिवस लागले. माइकशिवाय बाजारात ओरडून ओरडून माझ्या गळ्यात मधली पायरीच राहिली नव्हती. बोलणंही सुधारावं लागलं. आमच्याकडे बाईमाणूससुद्धा "मी येतो, मी करतो" म्हणते. सरांनी ते सोडवलं, निदान मुलाखतीपुरतं. पण माझी दुसरी खोड आवाजापेक्षा चिवट निघाली. चौकात लोक चारी बाजूंना उभे असतात. एका बाजूला पाठ करून जास्त वेळ राहिलं की त्या बाजूची माणसं निघून जातात. म्हणून आम्ही बोलता बोलता फिरतो. समोर सोबतचा नट असेल तर त्यालाही खांद्याला धरून फिरवतो, म्हणजे त्याचं तोंड आधी इकडच्यांना दिसेल, मग तिकडच्यांना. हे पायांत इतकं भिनलेलं असतं की डोक्याला विचारावं लागत नाही. "माझं शिक्षण बी.ए.पर्यंत झालं आहे" असं सरांना सांगता सांगता मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

"सांगा, भिंतीलाही सांगा," सर म्हणाले. "तिला बी कळू द्या कुठवर शिकल्या."

मी चिडले. माझा राग नाकावरच असतो, पथकात सगळ्यांना ठाऊक आहे. सरांनी पुढचा प्रश्न टाकला, "पाच वर्षांनंतर स्वतःला कुठं पाहता?" मी म्हटलं, "कुठं पाहणार, आरशात." सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे तिथं बोलली ना, तर तू आयुष्यभर या झेरॉक्सच्या दुकानात माझ्याकडे चहा प्यायला येत राहशील. पथक संपलं आहे. मी संपलो आहे. तुझे चार महिने उरले आहेत." एरवी ते मला अहो-जाहो करून टोमणे मारायचे. अगंतुगं केलं म्हणजे खरं बोलत होते. मी गुपचूप बाहेर गेले आणि पुन्हा दारातून आत आले.

अनुभवाचे पुरावे गोळा करताना तर हसावं की रडावं कळेना. वर्तमानपत्रात आमचे फोटो यायचे, पण फिरण्याच्या सवयीमुळे एकात माझी नुसती वेणी होती, एकात कोपर, आणि एकात मी सबंध होते पण पाठमोरी. सरांनी त्या कात्रणांवर पेनानं बाण काढून माझं नाव लिहिलं आणि झेरॉक्स करून दिली.

लिखित नाटकातला प्रवेश लवकर बसला. अडलं ते लोककलेवर. पोवाडा, भारूड, गवळण, सर एकेक नाव घेत होते आणि मी मान हलवत होते. नागपूरला त्या दिवशी वीस जणी पोवाडेच म्हणणार होत्या. मग सरच म्हणाले, "तुमच्या तांड्यावर लग्नात नवरी रडते, ते काय असतं?"

ते ढावलो. आमच्यात मुलगी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात हात टाकून सुरात रडते आणि त्या रडण्यात बोलते. बापाला बापाचं, भावाला भावाचं, मैत्रिणीला मैत्रिणीचं. तू माझ्यासाठी हे केलंस, ते केलंस, आता मी चालले. ज्याच्या गळ्यात हात असतात तोही सुरात उत्तर देतो. जन्मभर जे तोंडानं बोलत नाहीत ते तेवढ्यात बोलून घेतात. सगळ्यात शेवटी आई. हे रडणं आपोआप येत नाही, लग्नाआधी महिनाभर बायका नवरीला ते शिकवतात. आणि आमच्या तांड्यावर ते शिकवणारी बाई म्हणजे माझीच याडी. आजूबाजूच्या तांड्यांवरूनही पोरी तिच्याकडे यायच्या. लग्न ठरलं की पोरीची आई आधी आमच्या घरी येऊन सांगून जायची, मग कपडे घ्यायला उमरखेडला.

सर खुर्चीतून उठलेच. "अगं, घरात शिकवणारी आणि तू माझ्याजवळ बसून काय करून राह्यली?"

त्यांना मी सांगितलं नाही, पण अडचण तिथंच होती. आमच्या तांड्यावर आई आपल्या पोरीला ढावलो शिकवत नाही. शेवटचं कडवं आईचं असतं. आईनं आपल्यासाठी काय काय केलं ते त्यात सांगायचं असतं. ते आईनंच कसं शिकवावं? म्हणून मला शेजारच्या काकीनं शिकवलं होतं, याडी तेवढा वेळ शेतात जाऊन बसायची. आणि लग्नाच्या दिवशी मी भावाचं म्हटलं, मैत्रिणींचं म्हटलं, याडी समोर आली आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसून गेलं. एक शब्द येईना. मी नुसती हंबरत राहिले. बायका म्हणाल्या, पोरीला किती वाईट वाटून राह्यलं बघा. काकी तोंडात पदर धरून उभी होती, तिला कळलं होतं. ती काकी आता नाही.

घरी येऊन मी याडीला विचारलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं: नागपूर, नोकरी, चार महिने, तीन मिनिटं.

"कोणासमोर म्हणणार?" तिनं विचारलं.

"तिघं असतात. परीक्षक."

"त्यायच्यातलं कोणी तुहं लागते काय?"

"नाही."

"मंग त्यायले कायले सांगते?"

मी म्हटलं ते नाटक असतं, तिथं खरं कोणी लागत नाही. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "बाकीचं तुले येते. मायचं कडवं नको म्हणू."

"मायच्या कडव्याशिवाय ढावलो होतो का?"

"नाही होत."

"मग शिकव."

"माहे उपकार मीच तुले सांगू काय?" ती म्हणाली आणि शेंगांचं टोपलं उचलून आत गेली.

मी तिच्या मागं आत गेले आणि नको ते बोलले. म्हटलं, गावच्या सगळ्या पोरींना रडायला शिकवतेस, त्या सासरी जातात, पोराबाळांच्या होतात, आणि तुझी स्वतःची पोरगी पोटासाठी मागते आहे तर तुला रीत आठवते. म्हटलं, रीतीनंच गेले होते मी, काय झालं त्याचं? दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोललो. मी सरांना फोन करून सांगितलं की पोवाडाच करू.

तिसऱ्या दिवशी ढाणकीचा बाजार होता. याडी भाजी आणायला गेली आणि मी पिशव्या धरायला. चौकात स्क्रीनवाली गाडी उभी होती. फवारणीचंच चालू होतं, कुठल्या शहरातले गोरेगोमटे नट, इस्त्रीच्या धोतरात शेतकरी झालेले. लोक भजी खात पाहत होते. याडी तिथं थांबली. सबंध नाटक संपेपर्यंत थांबली, मग ड्रायव्हरनं तेच पुन्हा लावलं तेही थोडं पाहिलं. "तू हे करत होती ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. घरी येऊन पिशव्या ठेवल्यावर ती म्हणाली, "उद्या दुपारी बस."

दुसऱ्या दिवशी तिनं मला दाराकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः मागं बसली. सगळ्या पोरींना ती अशीच शिकवायची. पोरीच्या मागं बसायचं, पाठीवर पंजा ठेवायचा आणि श्वास पाहायचा. पोरीचं तोंड ती कधी बघत नसे. माझ्या पाठीवर तिचा हात आला तेव्हा मला कळलं की शिकवताना ती वेगळीच बाई असते. घरात कधी आवाज न चढवणारी, पण तिथं कडक.

"रडू गळ्यात नको आणू. गळ्यात आलं की शब्द बुडतेत. श्वासात ठेव."

मी म्हटलं. पाठीवर बोटं आपटली. "लवकर तोडला. आणखी थांब, जीव गुदमरू दे, मंग सोड."

नऊ वर्षं मी लोकांना रडवलं होतं असं मला वाटायचं. त्या दुपारी मला कळलं की मी नुसती ओरडत होते. पंधरा दिवस रोज आम्ही बसलो. आईच्या कडव्याचा सांगाडा तिनं दिला, चाल दिली, कुठं सूर वर न्यायचा ते दिलं. पण शब्दांपाशी आली की थांबायची. "इथं मायनं काय केलं ते येते. इथं तुहं तू घाल," असं म्हणायची आणि पुढची ओळ द्यायची.

मी काय घालणार होते? दूध पाजलं, डोळ्यांत काजळ घातलं, हे सगळ्याच पोरी म्हणतात. मी तीन दिवस विचार केला आणि जे खरं होतं ते घातलं. मी सासरहून परत आले तेव्हा हातात एक पिशवी होती. याडीनं काही विचारलं नाही, ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी हापशावर बायकांनी विचारलं, पोरगी कशी काय आली? तेव्हा ती म्हणाली, मीच बोलावून घेतली, मले करमत नव्हतं. तिनं मला बोलावलं नव्हतं. मी पळून आले होते. पण तांड्याला तिनं तेच सांगितलं आणि आजपर्यंत तेच सांगते. मी ते सुरात बसवलं: याडी, मी हाकलल्यासारखी आले आणि तू जगाला म्हणालीस, मीच बोलावून घेतली.

ते म्हटलं तेव्हा पाठीवरचा हात निघाला. मला वाटलं ती उठून जाते. थोड्या वेळानं हात परत आला.

"हे बसत नाही," ती म्हणाली. "नवरी जायच्या आधी परत यायचं कसं सांगते?"

"मी नवरी नाही."

"लग्नात तुले पाठ नव्हतं," ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं. काकीले मी काही बोलली नाही." आणि मग, "पुन्हा म्हण. 'बोलावून'वर श्वास तोडू नको."

नागपूरला याडीही माझ्यासोबत आली. एकटीनं जा म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण पहाटे ती साडी नेसून, डब्यात भाकरी बांधून तयार होती. उमरखेडहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. गाडीत मी सरांचे प्रश्न मनात घोळत होते आणि ती खिडकीतून लोकांची कपाशी बघत होती.

संस्थेत लाकडी फरशीची मोठी खोली होती. एका बाजूला टेबल, टेबलापलीकडे तिघं: मधे पांढऱ्या केसांच्या एक बाई, डावीकडे कागद चाळणारे एक गृहस्थ, उजवीकडे एक तरुण, त्याच्यापुढे लॅपटॉप आणि मोबाईल. समोर मी आणि एक रिकामी खुर्ची. याडी बाहेर बाकावर बसली होती. नाटकातला प्रवेश मी बरा केला, भिंतीकडे वळले नाही, आवाजही चढला नाही. मग ढावलो. खुर्चीच्या पाठीला हात घालून मी म्हटला. भावाचं, मैत्रिणीचं, मग याडीचं. तिनं शिकवलं तसा श्वास धरला आणि सोडला. संपलं तेव्हा गृहस्थांनी कागद खाली ठेवला होता.

मधल्या बाईंनी विचारलं, "हे कुणाकडून शिकलात?"

"आईकडून. ती बाहेर बसली आहे."

"बाहेर? इथे?" त्यांनी इतर दोघांकडे पाहिलं. "त्यांना आत बोलवा. खुर्चीऐवजी त्यांच्यासोबत करून दाखवाल?"

मला 'नको' म्हणता आलं असतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी ऐकलं असतं. पण मी दार उघडून याडीला हाक मारली. तिनं चपला बाहेर काढल्या आणि पदर सारखा करत आत आली. बाईंनी उठून तिला नमस्कार केला आणि काय करायचं ते नीट समजावून विचारलं, "आई, चालेल ना तुम्हाला?" याडीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळू नये म्हणून मी गोरबोलीत म्हणाले, "याडी, एकदाच. या नोकरीसाठी."

तिनं मान हलवली.

मी तिच्या गळ्यात हात टाकले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. खुर्चीला म्हणत होते ते आणि हे एकच नव्हतं, हे मला पहिल्याच ओळीला कळलं. मी बाकीच्यांचं सोडून सरळ आईचं कडवं घेतलं. "मीच बोलावून घेतली" आलं आणि याडीनं उत्तर दिलं. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या पोरींच्या पाठीवर हात ठेवला, पण आई म्हणून ढावलोत तिला कोणी काही म्हटलं नव्हतं, माझ्या लग्नातही मी नुसती हंबरले होते, तिला उत्तर द्यायची वेळच आली नव्हती. ती म्हणत होती, बाई गं, मला खरंच करमत नव्हतं. ती खोटं बोलली नव्हती. ते मला तेव्हा कळलं, तिच्या गळ्यात गळा घालून, इतक्या वर्षांनी.

आणि माझे पाय फिरायला लागले.

माझी पाठ परीक्षकांकडे होती की याडीची, हे मी पाहिलंही नाही, पायांनी पाहिलं. याडीची पाठ त्यांच्याकडे होती. तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मी तिला खांद्याला धरलं आणि सावकाश, सुरात, एकेक पाऊल करत फिरवलं, जसं चौकात सोबतच्या नटाला फिरवते तसं, तिचं रडणारं तोंड बरोबर टेबलाकडे येईपर्यंत. प्रकाशही तिथं चांगला होता. तो तरुण मोबाईल उचलून चित्रण करू लागला.

याडीनं डोळे उघडले. तिला समोर तिघं दिसली.

तिचा आवाज तिथंच थांबला. तिनं पदर ओढून तोंडावर घेतला आणि माझ्या हातांत तशीच उभी राहिली. मी थांबले नाही. माझं कडवं अजून दोन ओळी बाकी होतं आणि वेळ उरला होता. मी ते शेवटपर्यंत म्हटलं, कुठंही श्वास न तोडता.

बाईंनी चष्मा पुसला. गृहस्थ म्हणाले, "आम्हाला आणखी काही विचारायचं नाही." सरांनी पाठ करून घेतलेल्या प्रश्नांतला एकही आला नाही.

बाहेर आल्यावर याडी म्हणाली, "तुले भूक लागली असन," आणि डबा उघडला. आम्ही बाकावर बसून भाकरी खाल्ली. मी काही बोलेन, मी काही बोलेन असं करत राहिले आणि गाडीची वेळ झाली. परतीच्या वाटेवर आर्णी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुहं काम होते आता."

काम झालं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. सरांनी दुकानात पेढे वाटले, झेरॉक्सच्या गिऱ्हाइकांनाही दिले. निघायच्या आदल्या दिवशी याडी माझ्या साड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा मी तिच्याजवळ बसून म्हटलं, "याडी, माझं चुकलं तिथं."

"काय चुकलं?" ती म्हणाली. "चांगलं म्हटलं तू."

मला शिव्या घातल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. भांडायला मला येतं. पण ती घड्या घालत राहिली आणि मी तिच्या हातात एकेक साडी देत राहिले.

नोकरीला दहा महिने झाले आणि लग्नसराई लागली. तांड्यावरून एका बाईचा फोन आला. तिच्या पोरीचं ठरलं होतं आणि याडी शिकवायला नाही म्हणत होती. आधी दुसऱ्या एका पोरीलाही नाही म्हणाली होती. तब्येत बरी नाही, आता आठवत नाही, असं काहीबाही सांगत होती. "तू समजाव तिले," ती बाई म्हणाली. मी दोन दिवसांची रजा टाकून गेले. याडीची तब्येत ठणठणीत होती. अंगणात बसून ती शेंगा फोडत होती, मी समोर बसले आणि विचारलं, काहून नाही शिकवत?

तिनं हातातल्या शेंगा संपवल्या, टरफलं एका बाजूला केली.

"बसवली होती मी त्या पोरीले," ती म्हणाली. "तिच्या पाठीवर हात ठेवला, अन् मले समोर तिघं बसून दिसले. मंग कसं शिकवू?"

दुसऱ्या दिवशी नागपूरला माझा प्रयोग होता, ढावलोचाच. मी दुपारच्या गाडीनं निघाले.